पुढची दोन चाकं

माझी पिकअप 2004 सालची. दार लावताना हँडल हातात येतं आणि काच खाली घ्यायची तर दोन्ही तळव्यांनी रेटावी लागते. पण मोठ्या गिअरच्या कुशीत तिला दुसरी एक छोटी कांडी आहे, फोर-व्हीलची, आणि त्या कांडीपायीच मी ती घेतली. मागच्या काचेवर आधीच्या मालकानं 'नाद करायचा नाय' असं लिहून घेतलं होतं. मी ते खरवडलं नाही. खरं सांगायचं तर गाडी धुताना ती काच जरा जास्तच पुसायचो.

गाडी आणली त्या दिवशी आबांना तासभर सगळं समजावून सांगितलं होतं. छोटी कांडी ओढली की इंजिनाची ताकद पुढंही जाते. पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एक हब आहे, तो हातानं फिरवून लॉक केला तरच ती ताकद चाकात उतरते. फ्री ठेवले तर पुढचा सगळा लवाजमा उगाच फिरत नाही, डिझेल थोडं वाचतं. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पितीया किती?"

जुलैत कळे गावाच्या पुढं आमच्या रानात वैरण आणायला गेलो. पाऊस दोन दिवस लागून होता. उसाच्या दोन फडांमधली पाणंद म्हणजे नुसती भाकरीच्या पिठाची परात झालेली. चुलतभाऊ म्हणाला, "गाडी रस्त्यालाच लाव. भारं डोक्यावरनं आणू."

"मग फोर-व्हील काय पूजेला घेतलीया?" म्हणत मी कांडी ओढली. खट्ट आवाज झाला, समोर हिरवा दिवा लागला. तो दिवा लागला की माझी छाती आपोआप दोन इंच वाढते.

वीस पावलांवर गाडी बसली. मागची चाकं चिखल उडवत गरागरा फिरतायत आणि पुढची दोन जागची हलेनात. लग्नात वाढप्यांची पळापळ चालू असताना पहिल्या पंगतीला मांडी ठोकून बसलेले पाहुणे असतात ना, अगदी तसली.

चुलतभाऊ मुकाट्यानं ट्रॅक्टर घेऊन आला. साखळी मागून लावली, नेमकी त्या काचेच्या खाली. वाकल्या वाकल्या त्यानं अक्षर न् अक्षर वाचलं. "नाद... करायचा... नाय." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "न्हाई तर न्हाई. सोडू मग साखळी?"

जुलैमध्ये कोल्हापुरात बोलायला एकच विषय असतो. राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर गेलं, इशाऱ्याचे 39 झाले काय आणि धोक्याचे 43 कधी व्हायचे. त्या आठवड्यात मात्र आमच्या कट्ट्यानं पंचगंगेला सुट्टी दिली आणि माझी गाडी घेतली. एकजण म्हणाला फ्यूज. दुसरा म्हणाला, ऑइल बदल. ज्याच्या दारात आजवर सायकलीशिवाय काही उभं राहिलं नाही, त्यानं "गिअरबॉक्स उतरवावा लागणार" असा निकाल दिला आणि चहा माझ्या खात्यावर मांडायला सांगितला.

मी सगळ्यांचं ऐकलं. फ्यूज बदलला. कांडी हातानं ओढायची असते, तिला फ्यूज लागतोच कशाला, हे बदलल्यावर सुचलं. ऑइल बदललं. कांडीचा रॉड निसटला असेल म्हणून पोतं अंथरून गाडीखाली शिरलो. रॉड जागेवर होता, वरून एक काळा थेंब मात्र डोळ्यात पडला. त्या डोळ्यानं दोन दिवस सगळं जग मला डिझेलवर चाललेलं दिसत होतं.

शेवटी एकदा पाऊस उघडल्यावर, रस्ता वाळला बघून कॉलनीच्या चौकातच परीक्षा घेतली. फोर-व्हील टाकलं, स्टेअरिंग पूर्ण मारलं आणि गोल फिरवली. काय फिरली! कुठं अडणं नाही, कुठं धक्का नाही. मग दोष गाडीत नाही, पाणंदीतच, असं माझं मत झालं. तरी पण मनातली शंका जाईना, म्हणून उद्यमनगर गाठलं.

उद्यमनगरातले मिस्त्री गाडी बघायच्या आधी मालकाला बघतात. हे मिस्त्री तर सुताच्या वेस्टनं हात पुसत नुसतं ऐकत होते. चौकातली गोष्ट सांगताना मी कौतुकानं म्हणालो, "लोण्यासारखी फिरली."

त्यांचे हात थांबले. "डांबरावर? फोर-व्हील टाकून? फुल्ल स्टेअरिंगला?"

"होय."

"मालक, तिथंच तुमचा रोग सापडला की. वळताना पुढच्या चाकास्नी मागच्यापेक्षा लांबचा फेरा पडतोय. पुढं-मागं एकात एक आवळल्यावर डांबरावर गाडी अडाय पायजे, टायर घासाय पायजेत. लोण्यासारखी फिरली म्हंजे पुढं ताकदच येईना."

त्यांनी पुढची बाजू जॅकवर घेतली, कांडी फोर-व्हीलला, मोठा गिअर पहिल्यात. मला म्हणाले, डावं चाक फिरवा. फिरवलं. "आता उजव्याकडं बघा. ते उलटं फिराय पायजे." उजवं चाक ढिम्म.

मिस्त्री उजव्या चाकासमोर उकिडवे बसले. हबच्या नॉबवर चिखलाचा वाळलेला पापुद्रा होता. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं तो खरवडला, तसा खालून बाण दिसायला लागला. बाण 'फ्री'वर होता. दुसऱ्या बाजूला जाऊन बघितलं, डावा 'लॉक'वर.

"पण दिवा लागत होता!"

"दिव्याला काय कळतंय? कांडी आत गेली एवढंच त्यो सांगतोय. हबापातूर त्याची नजर जात न्हाई." मग डिफरन्शियलचं, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरांचं, सांगितलं. जी बाजू हलकी, सगळं फिरणं तिकडंच जातं. "दोन भावांतला एक काम करीना झाला की दुसरा बी हात वर करतोय. तसलं."

नॉब त्यांनी दोन बोटांनी फिरवला. टक्. किती झाले विचारलं तर म्हणाले, "ह्याचं काय घ्यायचं? चहा सांगा." पैसे घेतले असते तर बरं वाटलं असतं.

परत येताना डोक्यात एकच किडा. जूनमध्ये दोन्ही हब मीच लॉक केले होते, दिवाळीपर्यंत बघायचं काम नाही म्हणून. मग एकच फ्री कसा झाला? धुणाऱ्या पोरावर संशय घेतला, चुलतभावावर घेतला, गल्लीतल्या बारक्या पोरांवर तर दोनदा घेतला. घरी आलो. गाडी नेहमीच्या बोळात, डावी बाजू शेजाऱ्यांच्या भिंतीला चिकटवून लावली.

आबा सोप्यात चहा घेत होते. सहज विचारलं, "आबा, चाकाला कुणी हात लावलेला काय हो?"

"मी लावलावता की," आबा म्हणाले. "तूच म्हणालावतास न्हवं, फिरवून ठेवलं की डिझेल वाचतंय म्हणून."

"मग फिरवायचंच होतं तर दोन्ही तरी फिरवायचं!"

"डावीकडं भिंत हाय. तिथं शिरून वाकाय हुतंय व्हय आता मला?" त्यांनी बशीतला चहा फुंकला, एक घोट घेतला. "एक केलंय. निम्मं तर वाचलं आसंल की."