आता तुझं गाणं

डब्लिनला आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात ऑफिसातल्या एकानं पबात गाण्यांना बोलावलं. फुकटची मैफल म्हटल्यावर मी निघालोच. तिथं ‘नोबल कॉल’ नावाची भानगड असते, हे त्यानं सांगितलं नाही. ज्याचं गाणं संपतं तो पुढच्याचं नाव घेतो, आणि नाव निघेल त्यानं गायचं. अंताक्षरीत निदान अक्षर तरी मिळतं!

सुरुवात ‘मॉली मलोन’नं झाली. हातगाडीवर शिंपल्या विकणारी पोरगी. ‘अलाइव्ह, अलाइव्ह-ओ’, म्हणजे माल जिवंत आहे हो! मला आपली तिसऱ्यावाली आठवली. टेबल बडवून साथ धरली, तर शेवटच्या कडव्यात मॉली तापानं गेली. मी ओशाळून हात मागे घेतला. बाकीचे दुप्पट जोरात ‘अलाइव्ह’! पुढे सगळं असंच. चाल वरातीची, शब्द दहाव्याचे. ‘व्हिस्की इन द जार’मधल्या वाटमाऱ्याला त्याचीच लाडकी पकडून देते. टिम फिनेगन शिडीवरून पडून मरतो, मयताला आलेले मारामारी करतात, अंगावर व्हिस्की सांडते आणि गडी उठून बसतो. ‘वाइल्ड रोव्हर’मध्ये उनाडकी सोडायची शपथ आहे. ती घेताना एकाचाही ग्लास रिकामा नव्हता.

मग एक आजोबा डोळे मिटून, वाद्यांशिवाय, आयरिश भाषेत गाऊ लागले. याला ‘शॅन-नोस’ म्हणतात, म्हणजे जुनी रीत. पब चिडीचूप. नेमकं तेव्हाच मी वेफर्सचं पाकीट फोडलं. म्हणजे अर्धंच. उरलेलं गाणं मी ते पाकीट हातात बाळासारखं धरून ऐकलं.

प्रायश्चित्त म्हणून नंतर म्हटलं, “आजोबा, तुमचं ते पुरातन ‘डॅनी बॉय’ होऊन जाऊ दे.”

“शब्द १९१० चे. लिहिणारा फ्रेडरिक वेदरली, वकील.” मग आवाज खाली आणून, “इंग्रज.”

“बरं, मग बटाट्याच्या दुष्काळातलं ‘फील्ड्स ऑफ अ‍ॅथनराय’?”

“दुष्काळ १८४० च्या दशकातला. गाणं पीट सेंट जॉनचं, १९७० च्या दशकातलं.”

एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “आता तुझं गाणं.”

पाकिटाचा सूड, दुसरं काय! मला एकही गाणं अख्खं आठवेना. सगळ्यांची धृपदं येतात, पुढे ‘ल ला ल ला’. घशाला कोरड पडली आणि तोंडातून निघालं, ‘ये रे ये रे पावसा, तुला देतो पैसा...’ दुसऱ्या फेरीला अख्खा पब टाळ्या वाजवत होता.

“अर्थ काय?”

“पावसाला बोलावतोय.”

शांतता. बाहेर सकाळपासून धार लागलेली.

“इथे? पैसे देऊन?”

“खोटे पैसे,” मी घाईघाईनं सांगितलं. तेव्हा जरा निवळले.

आजोबा मात्र विचारात पडले होते. शेवटी जवळ सरकून हळूच म्हणाले, “सगळं ठीक आहे रे. पण यात मरतं कोण?”