‘पंधरा हजारांसाठी कोर्टात जाणार का?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

फ्रीलान्स कॉपी, म्हणजे जाहिरातींचा आणि वेबसाइटचा मजकूर, लिहिणाऱ्यांनी आधी लेखी करार करावा, या माझ्या लेखावर नाव न देता लिहिलेली तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, पण तिचा सूर मला खटकला. ‘एजन्सीचं तोंड न पाहिलेले लोक कराराचे धडे देतात’ हे वाक्य अनावश्यक होतं. मी जाहिरात एजन्सीत नोकरी केली आहे आणि आता माझं घर फ्रीलान्स कॉपीवरच चालतं. मतभेद जरूर मांडा, समोरच्याची लायकी कशाला काढता?

एक गोष्ट मान्य. सोशल मीडियाच्या दोन-तीन हजारांच्या कॅप्शनसाठी चार पानी करार करू नये. तिथे एक ईमेल पुरते: काय लिहायचं, किती, कधीपर्यंत, पैसे किती. समोरून ‘मंजूर’ एवढं उत्तर मात्र घ्यावं. केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून असा करार बाद होत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०अ त्यासाठीच आहे.

आता तुमचं वाक्य: ‘पंधरा हजारांसाठी कोर्टात जाणार आहात का?’ नाही, आणि लेखातही तसं कुठे म्हटलेलं नाही. पैसे अडकतात ते बहुतेकदा क्लायंट लबाड असतो म्हणून नव्हे, तर काम संपलं कधी हे कुणी ठरवलेलंच नसतं म्हणून. वेबसाइटची पाच पानं घ्या. मार्केटिंगवाले होम पेज मंजूर करतात, मग ते मालक बघतात, मग त्यांचे पार्टनर व्हॉट्सअ‍ॅपवर अगदी उलटे बदल सांगतात. उरलेलं अर्धं बिल ‘फायनल झालं की देतो’ यावर लटकतं, आणि फायनल काही होत नाही.

म्हणून करारात मंजुरी देणारी व्यक्ती एकच हवी, तीही नावानिशी. प्रत्येक मसुद्यावर बदलांच्या दोन फेऱ्या आणि एका फेरीतले सगळे बदल एकाच ईमेलमध्ये. ब्रीफच (काय लिहायचं याची मूळ सूचनाच) बदललं तर ते नवं काम, त्याचा दर वेगळा. निम्मे पैसे आगाऊ. आणि मसुदा पाठवल्यावर कामाच्या ७ दिवसांत उत्तर आलं नाही, तर तो मंजूर धरून उरलेलं बिल देय. लोक नेमकं हेच कलम लाजेखातर गाळतात आणि मग महिनोन् महिने ‘सर, बघितलंत का?’ विचारत बसतात.

दुसरं म्हणजे हक्क. नोकरीत लिहिलेल्या मजकुराचा कॉपीराइट, वेगळं ठरलं नसेल तर, मालकाचा असतो. फ्रीलान्सरने लिहिलेल्याचा त्याचा स्वतःचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे तो दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखी आणि सहीनिशीच करावा लागतो. मुदत लिहिली नाही तर हस्तांतर ५ वर्षांपुरतं, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतं. थोडक्यात, कागदाची गरज क्लायंटलाही तेवढीच आहे. ‘पूर्ण रक्कम मिळाल्यावर हक्क हस्तांतरित होतील’ हे एक वाक्य घाला, म्हणजे पैसे थकवून मजकूर लाइव्ह करणाऱ्याला तुम्ही ठामपणे थांबवू शकता. टॅगलाइनला कॉपीराइट मिळणं अवघड असतं, तिथे आगाऊ रकमेवरच भर द्यावा.

आणि कोर्टाचंच म्हणाल, तर त्याआधीही एक दार आहे. छोट्या उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी विनाशुल्क होते. ती काम घेण्याआधी करून ठेवली, तर एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) विकास कायदा, २००६ लागू होतो. लेखी करारातसुद्धा पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार याच कायद्याखाली थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या सुलभीकरण परिषदेकडे करता येते. बिलावर उद्यम क्रमांक आणि याच कायद्याच्या, व्याजाबद्दलच्या, कलम १६ चा उल्लेख असला की अकाउंट्स विभागाचं उत्तर लवकर येतं. रक्कम मोठी असेल, तर लेखी करारावर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली संक्षिप्त (झटपट निकालासाठीचा) दावाही लावता येतो. तोंडी बोलण्यावर लावता येत नाही.

‘आपल्याकडे धंदा विश्वासावर चालतो’ यावर वाद घालण्यात मला रस नाही. विश्वास असेल तर सही करायला कुणाची हरकत नसावी. स्टॅम्प पेपरच्या खर्चाबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते मूळ लेखात आलेलं आहे, कृपया वाचा. पुढच्या वेळी नावानिशी लिहिलंत, तर याहून मोकळेपणाने बोलता येईल.