वसंताचा वार्ताहर

भाचीने मला वसंताचा वार्ताहर नेमलंय. पगार नाही, रजा नाही आणि राजीनाम्याची सोयही नाही, कारण नेमणूक बहिणीमार्फत झाली आहे. भाची पुण्याला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकते. "मामा, तू तिथेच असतोस. वसंताची खूण दिसली की फोटो काढ, तारीख घाल आणि पाठव. एवढंच." सांगणाऱ्याचं नेहमी एवढंच असतं.

पहिला घोळ पंचांगाचा. पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखात. आमच्याकडे, रत्नागिरीजवळच्या पावस गावाच्या बाजूला, चैत्रात गुढीची काठी उभी करेपर्यंत सदरा पाठीला चिकटलेला असतो. त्याला वसंत म्हणायचं तर उन्हाळा कशाला म्हणणार? आमचा वसंत पौष-माघातच, पहाटे पांघरूण सोडवत नाही अशा दिवसांत, चोरपावलांनी येतो. म्हणजे चोरपावलांनी असं म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात तो पंपाच्या आवाजाने येतो. उजाडायच्या आत कुणाच्या तरी बागेत फवारणीचं इंजिन खोकतं, एकदोनदा दगा देतं, मग धडधडायला लागतं, की समजावं, आंब्याच्या कलमांचे बोंगे, म्हणजे मोहोराचे कोंब, फुटायला लागले. पाठोपाठ खालच्या वाडीतला पंप, मग पऱ्ह्यापलीकडचा. तांबट बिचारा टुक-टुक करत बसलेला असतो, पण त्या धडधडीत त्याचं ऐकतो कोण?

मी इमानाने कळवलं, "पहिली खूण: पंप." उत्तर आलं, "मामा, नैसर्गिक खूण हवी."

नैसर्गिक खूण घराच्या मागेच होती. ऐन डिसेंबरात एका हापूसच्या कलमाला पालवी फुटली. कोवळी, तांबूस, ऊन पडलं की नुकत्या घासून उपड्या घातलेल्या तांब्याच्या भांड्यांसारखी चकाकणारी. पान बोटांत धरलं तर इतकं लुसलुशीत की चिमटीत काही आहे असं वाटूच नये. शीर फिकट, कडा जराशा मुडपलेल्या, चुरगळलं की कैरीची आठवण करून देणारा वास. फोटो गेला. भाचीने हृदयं पाठवली, बहिणीने तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि ठाण्याचे काका लगेच जागे झाले: "अरे वा! म्हणजे यंदा आंबा जोरात. माझ्या दोन पेट्या धर."

आता यांना कोण सांगणार? मोहोराच्या दिवसांत पालवी फुटली ही कोकणात वाईट बातमी असते. ज्या फांदीने आत्ता पान काढलं, तिचं पान जून होईस्तोवर मोहोर येत नाही आणि तोवर थंडी आपला बाडबिस्तरा आवरून गेलेली असते. त्यातून हापूस मुळातच एक वर्ष धरतो आणि पुढच्या वर्षी आराम करतो. आमच्या सौ.ने ती पालवी पाहिली तेव्हा "अगंबाई, गेलं की हो हेही!" असं ती ज्या सुरात म्हणाली, त्या सुरात आमच्याकडे फक्त तार आल्याचं सांगायचे. भाचीला हवी असलेली 'निसर्गाची नवलाई' ती हीच.

बरं, मोहोर आलाच तर माणूस सुखी होतो म्हणावं, तर तेही नाही. एका तुऱ्यावर शेकड्यांनी फुलं असतात, पण बहुतेक नराची. तेवढ्यातून एखादा आंबा शेवटपर्यंत टिकला तर तो तुरा घराण्याचं नाव राखणारा समजायचा. मळभ आलं की तुडतुडे वाढतात. मोहोराखाली उभं राहिलं की ते पानांवर तडतड उडतात आणि त्यांचा चिकटा खाली सगळ्यावर पडतो, उभ्या केलेल्या स्कूटरवर, वाळत घातलेल्या लुंगीवर आणि वर बघणाऱ्या वार्ताहराच्या चष्म्यावर. दव पडलं की भुरीचा रोग. थंडी कमी पडली तर मोहोर नाही आणि जास्त लांबली तर पुनर्मोहोर! म्हणजे झाडावर वाटाण्याएवढी कणी धरलेली असताना झाडाला पुन्हा फुलायची हुक्की येते आणि त्या नव्या कौतुकात आधीची पोरं गळून पडतात. या वयात हे शोभतं का, असं त्या कलमाला विचारावंसं वाटतं.

आणि वास! मोहोराच्या सुगंधावर आजवर जितकं लिहिलं गेलंय त्यात एक तपशील राहून गेलाय. आंब्याच्या फुलांचं परागीकरण मुख्यत्वे माश्या करतात. त्या बागेत याव्यात म्हणून काही बागायतदार कलमांखाली मासळीचं कुटार, म्हणजे टाकाऊ मासळी, टाकून ठेवतात. त्यामुळे सकाळी वारा फिरला की आधी मंद, गोडसर, डोळे मिटायला लावणारा मोहोर येतो आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून कालपरवाचा बांगडा. भाचीच्या तक्त्यात 'शेरा' असा एक रकाना आहे. त्यात मी लिहिलं, "वसंत आला. नाक धरून."

यानंतर मी धोरण बदललं. आंबा सोडून बाकीच्या खुणा टिपायच्या. काजूला मोहोर येऊन हिरव्या बिया लोंबायला लागल्या होत्या, त्यांचा सुरेख फोटो पाठवला. ग्रुपवर आत्याने विचारलं, "ओले काजूगर काय शेकडा?" बोटांना राख फासून ते सोलायचे, तरी चिकाने कातडी जायची ती जातेच, आणि भाव मात्र मला तोंडपाठ पाहिजे! फणसाच्या खोडावर पहिली कुयरी दिसली, काटेरी, मुठीत मावेल एवढी. फोन आणायला घरात गेलो आणि परत येईतो ती विळीवर होती. भाजी छान झाली. फोटो भाजीचा पाठवला. तो भाचीने नाकारला.

तिच्या मैत्रिणीचा काका मंडणगडातल्या वेळासचा आहे. तो कासवाच्या पिल्लांचे फोटो पाठवतो. 2002 मध्ये तिथे सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना घेऊन कासवांची अंडी राखायला सुरुवात केली, आणि चिमूटभर पिल्लं वाळूवरून समुद्राकडे पळताना बघायला पुण्या-मुंबईची माणसं पहाटे उठतात. त्या काकाचा मला मनापासून हेवा वाटतो. पिल्लू बघून कुणी विचारत नाही, "पेटी केवढ्याला?"

शेवटी ज्याचं काहीच होत नाही अशी झाडं शोधली. काटेसावर निष्पर्ण उभी होती आणि तिच्या लालभडक फुलांत साळुंक्या, कावळे, खारी यांची जत्रा भरलेली. पांगारा तसाच. पुढे कोशिंब पालवला तेव्हा तर सगळी पानं लाल, लांबून बघणाऱ्याला झाड फुललंय असंच वाटावं. अशा वेळी मी खरंच पेट्या, भाव, सगळं विसरून उभा राहतो. फार नाही, मागून अण्णा येईपर्यंत.

"काय रे, काय बघतोस?"

"सावर फुललीय, अण्णा."

"मग?"

या 'मग'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अण्णा शेजारचे. त्यांची कलमं माझ्यापेक्षा बरीच जास्त, आणि वाडीचा अलिखित नियम त्यांच्याइतका कडक कुणी पाळत नाही. नियम असा की आपल्या बागेत मोहोर चांगला आहे हे जिवंत माणसाजवळ बोलायचं नाही. नजर लागते, करारवाला भाव पाडतो आणि नातेवाईक पेट्या मागतात. मी भाचीसाठी तक्ता भरतोय म्हटल्यावर त्यांनी मला घरी चहाला नेलं. त्यांच्या अंगणातल्या जुन्या कलमाखाली आम्ही खुर्च्या टाकून बसलो. वर झाडाचं पानही दिसत नव्हतं. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत नुसता पिवळट-गुलाबी मोहोर, आणि माश्यांची गुणगुण अशी की बोलताना आवाज चढवावा लागत होता.

"तर अण्णा, तुमच्याकडे मोहोर कसा आहे? शेऱ्यात काय लिहू?"

अण्णांनी कपाळावर आलेली चार फुलं झटकली, चहावर तरंगणारी दोन करंगळीने बाजूला केली, एक घोट घेतला आणि म्हणाले, "कुठला मोहोर न् काय! लिही, यंदा काय खरं नाय."