देवगडच्या आकाशातील ‘टळलेली टक्कर’: एका संदेशाचा प्रतिवाद

वेंगुर्ल्यापासून दापोलीपर्यंतच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक संदेश फिरत आहे. देवगडच्या आकाशात दोन प्रवासी विमाने भिडता भिडता राहिली, चिपीच्या टॉवरमधील नियंत्रकाचे इंग्रजी वैमानिकाला न कळल्यामुळे हा घोळ झाला, वैमानिकाने ऐन वेळी नियंत्रकाचा आदेश धुडकावून विमान वर घेतले म्हणून शेकडो जीव वाचले आणि आता प्रकरण दडपले जात आहे, असे त्यात म्हटले आहे. पुरावा म्हणून विमाने दाखवणाऱ्या मोबाइल अॅपचे एक छायाचित्र जोडले आहे.

प्रथम त्या छायाचित्राविषयी. त्यात विमानांची दोन चिन्हे एकमेकांवर चढलेली दिसतात. पण नकाशा ज्या प्रमाणात उघडलेला आहे, त्या प्रमाणात एकेक चिन्हच देवगडपासून विजयदुर्गापर्यंतचा, म्हणजे सुमारे २० किलोमीटरचा किनारा झाकून टाकते. प्रत्यक्ष विमानाच्या पंखांचा विस्तार असतो जेमतेम ३६ मीटर. शिवाय सपाट नकाशावर उंची दिसत नाही, आणि विमाने एकमेकांपासून दूर ठेवली जातात ती मुख्यतः उंचीनेच. २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात एकावरून एक जाणाऱ्या विमानांत किमान १,००० फुटांचे अंतर ठेवले जाते. मुंबईहून गोव्याकडे जाणारे विमान सर्वसाधारणपणे विषम पातळीवर, म्हणजे २९ किंवा ३१ हजार फुटांवर असते, तर गोव्याहून मुंबईला येणारे सम पातळीवर असते. त्यामुळे आपल्या किनाऱ्यावर नकाशातली चिन्हे एकमेकांवर येणे हे रोजचेच आहे, आणि ती तशी येतात म्हणूनच हा नियम आहे.

चिपीच्या टॉवरचा उल्लेख तर केवळ गावाजवळचे नाव म्हणून आलेला दिसतो. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालेल्या त्या विमानतळाचा टॉवर धावपट्टीवरील आणि तिच्या आसपासच्या विमानांशी बोलतो. तीस हजार फुटांवरून जाणारे विमान मुंबईच्या क्षेत्र नियंत्रण केंद्राच्या संपर्कात असते.

संदेशाचा सगळा जोर मात्र वैमानिकाने आदेश ‘धुडकावला’ या वाक्यावर आहे, आणि नेमके तेच उलटे आहे. आजच्या प्रवासी विमानांत टीकॅस नावाची यंत्रणा असते. ती भोवतालच्या विमानांच्या ट्रान्सपाँडरला, म्हणजे विमानाची ओळख आणि उंची आपोआप कळवणाऱ्या रेडिओ यंत्राला, स्वतः विचारणा करते, टकरीची शक्यता दिसली की आधी सावध करते, आणि धोका अर्ध्या मिनिटाच्या आसपास येऊन ठेपला की ‘क्लाइंब’ किंवा ‘डिसेंड’ असा थेट आदेश उच्चारते. दोन्ही विमानांतल्या यंत्रणा परस्परांशी बोलून एकाला वर आणि दुसऱ्याला खाली पाठवतात. अशा वेळी वैमानिकाने नियंत्रकाचे नव्हे, यंत्रणेचे ऐकायचे असते. तो रेडिओवर ‘टीकॅस आरए’, म्हणजे यंत्रणेचा आदेश आला आहे, एवढेच कळवतो आणि ‘क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट’, म्हणजे धोका टळला, असे ऐकू येईपर्यंत नियंत्रकाने त्या विमानाला दिशा किंवा उंची बदलण्याची सूचना द्यायची नसते. तेव्हा संदेशातला प्रसंग घडला असे क्षणभर मानले, तरी त्या वैमानिकाने बंड केले नाही. त्याने नियम पाळला.

हा नियम निःसंदिग्ध झाला तो मोठी किंमत मोजल्यावर. १ जुलै २००२ च्या रात्री दक्षिण जर्मनीतील युबरलिंगेनच्या आकाशात एक रशियन प्रवासी विमान आणि एक मालवाहू बोइंग समान उंचीवर एकमेकांकडे येत होते. ती हद्द झुरिकहून सांभाळली जात होती. तिथला नियंत्रक त्या रात्री दोन पडदे एकट्याने पाहत होता आणि देखभालीसाठी मुख्य दूरध्वनी बंद होता, त्यामुळे शेजारच्या केंद्राला धोका दिसूनही त्याला कळवता आले नाही. त्याने रशियन विमानाला खाली उतरायला सांगितले. काही सेकंदांतच त्याच विमानातील टीकॅसने वर जायला सांगितले. वैमानिकांनी नियंत्रकाचे ऐकले. बोइंग आपल्या टीकॅसप्रमाणे खालीच येत होते. ७१ जण गेले.

राहिला इंग्रजीचा मुद्दा. तो अर्धा खरा आहे, म्हणूनच अधिक फसवा आहे. गैरसमज होणार हे गृहीत धरूनच रेडिओवरील संभाषणाची रचना केलेली असते. नियंत्रकाने ‘डिसेंड टू फ्लाइट लेव्हल टू एट झीरो’, म्हणजे २८,००० फुटांच्या पातळीवर उतरा, असे म्हटले, तर वैमानिकाने नुसते ‘रॉजर’, म्हणजे ऐकले, असे म्हणून चालत नाही. त्याने तो आकडा आपल्या कॉल साइनसह, म्हणजे विमानाच्या रेडिओवरील नावासह, पुन्हा म्हणायचा असतो आणि नियंत्रकाने तो कान देऊन ऐकायचा असतो. या दोन पायऱ्यांतली दुसरी सुटली की काय होते, ते १९८९ मध्ये क्वालालंपूरजवळ दिसले. २,४०० फुटांपर्यंत उतरण्याची सूचना मालवाहू विमानातील वैमानिकांनी ४०० फूट अशी समजून तशीच परत म्हटली, चूक कोणी पकडली नाही आणि विमान डोंगरावर आदळले. तिथे उच्चार समजले नाहीत असे म्हणून भागणार नाही, कारण चुकीचा आकडा रेडिओवर स्पष्ट बोलला गेला होता.

आपल्याकडचे उदाहरण हरियाणातील चरखी दादरीचे आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी सौदी विमानाला १४,००० आणि कझाक विमानाला १५,००० फुटांची उंची दिलेली होती. नियंत्रकाने समोरून येणाऱ्या विमानाची कल्पनाही दिली होती. तरी कझाक विमान ठरलेल्या उंचीखाली गेले आणि ३४९ माणसे मेली. तेव्हा दिल्लीच्या रडारवर विमानांची उंची दिसत नव्हती, त्यामुळे ते खाली सरकल्याचे नियंत्रकाला कळण्याचा मार्गच नव्हता. नुसत्या नियंत्रकावर खापर फोडणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे.

दडपण्याविषयी थोडक्यात सांगायचे तर, विमाने धोकादायकरीत्या जवळ आल्याची नोंद वैमानिक आणि नियंत्रक या दोघांनाही करावी लागते आणि रेडिओवरील संभाषण ध्वनिमुद्रित होत असते. अहवाल बाहेर यायला फार वेळ लागतो, ही तक्रार मात्र रास्त आहे.

गजालीला कोणाची हरकत नाही, पण आरोप करायचा तर तपासता येईल असे काहीतरी द्यावे लागते. या संदेशात तारीख नाही, उड्डाण क्रमांक नाहीत, दोन्ही विमानांची उंची नाही, आणि छायाचित्रातली वेळ भारतीय आहे की तिच्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक, तेही लिहिलेले नाही. त्या अॅपमध्ये चिन्हावर बोट ठेवले की उंची दिसते. छायाचित्र काढण्यापूर्वी एवढे केले असते, तर १,००० फुटांचे अंतर होते की नव्हते ते तिथल्या तिथे कळले असते.