‘मरतो म्हणणारा मरत नाही’ म्हणे!

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर-निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘बायपोलर म्हणजे मूडचं नाटक. मरतो म्हणणारा मरत नाही. उगाच विचारून त्याच्या डोक्यात भरवू नका. बरं वाटलं की गोळ्या बंद.’ चार वाक्यं, चारही चूक.

नाटक? बायपोलर हा कधी टोकाचा उत्साह (उन्माद), तर कधी टोकाची खिन्नता आणणारा मनाचा आजार. त्यात आत्महत्येचा धोका इतरांच्या साधारण २० ते ३० पट असतो. आणि जीव देणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी आधी कुणापाशी तरी तसं बोलून दाखवलेलं असतं. आपण ‘काहीतरीच बोलतोस’ म्हणून गप्प बसवतो.

घरचे फसतात ते वेगळ्याच ठिकाणी. माणूस अंथरुणाला खिळलेला असतो तोवर सगळे जपतात. तो उठून फिरू लागला, भराभर बोलू लागला की ‘सुटलो बाई’ म्हणतात. पण मन पार खचलेलं, अंगात मात्र उन्मादाची तडफ आणि झोप उडालेली, अशी संमिश्र अवस्था सर्वांत घातक. दवाखान्यातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडेही तसेच.

विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. अभ्यासांत तसं कुठे दिसलेलं नाही. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारा. ‘हो’ म्हणाला तर एकटं सोडू नका. फवारणीची औषधं, गोळ्यांचा साठा कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता गोळ्या. लिथियम या औषधाचा उन्मादावरचा उपयोग ऑस्ट्रेलियन मानसोपचारतज्ज्ञ जॉन केड यांनी १९४९ मध्ये मांडला. आत्महत्येचा धोका कमी करणारं म्हणून हे औषध आजही आघाडीवर आहे. मात्र अचानक थांबवलं तर तोच धोका उसळतो. रक्ततपासणी चुकवायची नाही, उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी पडू द्यायचं नाही. सौंदत्तीला नवस फेडायला जरूर जा. गोळ्यांची डबी पिशवीत असू दे.

‘पोलीस केस होईल’ म्हणून प्रयत्न लपवणारेही आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ अशा माणसाला तीव्र ताणाखाली होता असं धरून शिक्षेपासून वाचवतं. उलट सिद्ध झालं तरच गोष्ट वेगळी.

आपल्याकडची खरी अडचण मेसेजमध्ये नाहीच. धारवाडला दवाखान्यात नेलं, डॉक्टर कानडीत विचारतात आणि मधे दुभाषी म्हणून शाळकरी लेक. तिच्या तोंडून बाप ‘मला मरायचंय’ कसं सांगणार? दुभाषी मोठा माणूस न्या, घरचा नसला तर उत्तम. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर लावा. तिथे मराठीत बोलता येतं.