हितचिंतक काका, तुमच्या प्रतिक्रियेला हे उत्तर

नमस्कार काका. तुम्ही बँकेतून निवृत्त झालो असं लिहिलंय आणि मला 'ताई' म्हणालात, म्हणून मीही 'काका' म्हणते. उत्तर खाली प्रतिक्रियेतच देणार होते, पण लांबत गेलं, म्हणून वेगळी पोस्ट.

ज्यांनी मूळ प्रकरण वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मागच्या आठवड्यात मी 'मलबार हिलवरची माझी दोन लेकरं' या नावाने माझ्या कामाबद्दल लिहिलं होतं. मी एका घरी दोन कुत्र्यांची पूर्णवेळ देखभाल करते आणि राहतेही तिथेच. ऑस्कर हा म्हातारा लॅब्राडॉर, त्याला मधुमेह आहे. मोमो हा पग. त्यावर 'हितचिंतक' या नावाने काकांनी लिहिलं, "राग मानू नका ताई, पण बी.कॉम. झालेल्या मराठी मुलीने श्रीमंतांच्या कुत्र्यांची शी उचलावी आणि वर त्याचं कौतुक सांगावं, हे वाचून वाईट वाटलं." पुढे बरंच काही आहे. लेखी करार नाही, हक्काची रजा नाही, पीएफ नाही. कुत्र्यांना उकडलेलं चिकन, मग त्याच घरच्या स्वयंपाकीणबाईंच्या मुलांच्या ताटात काय असतं? ही सगळी पाश्चात्त्यांची थेरं. त्यांच्या मुलीकडे न्यू जर्सीला बीगल आहे, पण ती सगळं स्वतः करते. आणि अगदी शेवटी, "पगार तरी किती देतात?"

आधी जे बरोबर आहे ते मान्य करून टाकते, नाहीतर म्हणाल ही बाई ऐकूनच घेत नाही. कुत्र्यांना द्राक्षं देऊ नयेत असं मी लिहिलं होतं, मनुका राहिल्या. तुमच्या मुलीने तुमच्यामार्फत कळवलं की मनुकाही तितक्याच वाईट, त्यांनी किडनी जाऊ शकते. शंभर टक्के खरं. पोस्टमध्ये घातलं आहे. तिला धन्यवाद सांगा.

आता "राग मानू नका". काका, या तीन शब्दांनी सुरुवात करणाऱ्याला समोरच्याला राग येणार हे पक्कं ठाऊक असतं. आमच्या परळच्या चाळीत एक मावशी होत्या, त्या असंच म्हणून आत यायच्या आणि घरातली एक बाई रडवून मगच बाहेर पडायच्या. मला राग आलेला नाही. पण तुम्हाला वाईट वाटायला मी तुमची कोण लागते, एवढा प्रश्न मात्र पडला. बी.कॉम. झालेला मराठी मुलगा घरोघरी पार्सलं पोचवतो तेव्हा तुम्ही त्याला अशी चिठ्ठी लिहिता का? की पार्सल घेता आणि दार लावता?

बरं, शी. तो शब्द वापरल्यावर तुम्हाला वाटलं असणार की आता हिच्याकडे बोलायला काही उरलं नाही. उलट त्याच विषयावर मी तासभर बोलू शकते. सकाळी साडेपाचला दोघांना खाली नेते, कारण ऊन चढलं की डांबर तापतं आणि पंजे भाजतात. मोमोला तर उन्हात नेणंच धोक्याचं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड करतो. मुंबईच्या दमट हवेत ते धड होत नाही, त्यात पगचं नाक चपटं. तर साडेपाचला मोबाइलचा टॉर्च लावून मी ती शी बघते. होय, नीट वाकून बघते. वर जेलीसारखा चिकट थर असेल तर आतड्याला सूज आहे. ताजं लाल रक्त असेल तर बिघाड बहुधा खालच्या भागात. डांबरासारखी काळी आणि चिकट असेल तर रक्त वरून, पोटातून पचून आलेलं असू शकतं, मग नाश्ता-बिश्ता बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना फोन. तांदळाच्या दाण्यांसारखं काही वळवळताना दिसलं तर ते पट्टकृमीचे तुकडे. ते बहुतेक वेळा पिसवांमुळे होतात, म्हणजे नुसतं जंताचं औषध देऊन भागत नाही, गाद्या आणि गालिचेही बघावे लागतात. गेल्या पावसाळ्यात मोमोची लघवी चहाच्या रंगाची दिसली आणि हिरड्या पांढुरक्या. गोचीडतापाची शंका मी सकाळी सातला बोलून दाखवली, संध्याकाळी रक्ताच्या तपासणीत तेच निघालं. घरात इतर सगळ्यांना वाटत होतं की एसीमुळे सुस्तावलाय.

हे मी उचलते, काका. उचलण्याआधी वाचते.

आणि दिवसभर तेवढंच करते असं नाही. ऑस्करला दिवसातून दोनदा, बारा-बारा तासांनी इन्सुलिन लागतं. कुपी तळहातात हळू फिरवायची, जोरात हलवायची नाही. त्याने आधी पोटभर खाल्लं पाहिजे. खाल्लं नाही आणि तरी नेहमीचा डोस टोचला तर साखर एकदम खाली जाते, तो झोकांड्या खातो, फिट येऊ शकते, मग हिरड्यांना मध चोळत डॉक्टरांकडे पळायचं. लाल टोपीची सिरिंज एका मिलीत चाळीस युनिट असलेल्या इन्सुलिनची, केशरी टोपीची शंभर युनिटवाल्याची. एकदा औषधांच्या दुकानातून घरपोच आलेल्या पिशवीत कुपी शंभरची होती आणि सिरिंजा लाल टोपीच्या. कुपीवरचं लेबल न वाचता रोजच्या खुणेपर्यंत भरलं असतं तर अडीचपट औषध आत गेलं असतं. पिशवी स्वयंपाकघराच्या ओट्यावर होती आणि घरातल्या कुणालाच त्यात काही खटकलं नव्हतं. मी परत पाठवली. मधुमेहामुळे ऑस्करला मोतीबिंदू झालाय, जवळजवळ दिसत नाही, म्हणून दिवाणखान्यातला सोफा हलवायचा नाही हा नियम मी केलाय आणि तो मॅडमही पाळतात. पार्टीच्या सजावटीला आलेल्या मुलांनी सोफा ढकलला तेव्हा मी तो पाहुणे यायच्या आत पुन्हा जागेवर लावून घेतला. नोकर माणूस असं करू शकतो का, तुम्हीच सांगा.

आता तुमच्या त्या "बी.कॉम."कडे येते, कारण खरा सल तिथे आहे. बी.कॉम. झाल्यावर मी तुमच्याच क्षेत्रात होते. एका पतसंस्थेच्या काउंटरवर. खुर्ची, टेबल, पंखा, गळ्यात ओळखपत्र, लग्नाच्या बाजारात सांगायला बरी नोकरी. चार वर्षांत संस्था बुडाली. संचालक गायब झाले आणि शटरच्या आत आम्ही तिघी मुली आणि बाहेर ठेवीदार. त्यातल्या एका आजींनी मुलीच्या लग्नाचे पैसे ठेवले होते, त्या रोज यायच्या आणि माझ्याचकडे बघायच्या, कारण पावतीवर सही माझी होती. शेवटचे दोन पगार अजून यायचेत. ती नोकरी सन्मानाची होती ना, काका? त्या वेळी कुणा हितचिंतकाला वाईट वाटल्याचं आठवत नाही.

नंतर दादरच्या एका प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागले. टेबल पुसण्यापासून सुरुवात. इंजेक्शन कातडी चिमटीत धरून कसं द्यायचं, तोंड बांधताना स्वतःचे हात कुठे ठेवायचे, घाबरलेल्या कुत्र्याच्या डोळ्यांत का बघायचं नाही, हे तिथल्या डॉक्टरांनी शिकवलं. मलबार हिलच्या घरी माझं नाव त्यांनीच सुचवलं. ही विद्या मी कॉलेजात शिकले नाही हे खरं, पण तुम्ही बँकेत जे केलंत ते तरी कुठे कॉलेजात शिकला होतात?

न्यू जर्सी. माझ्या आईला तुमच्या प्रतिक्रियेतला हाच भाग सगळ्यात आवडला. मुलगी सकाळी बर्फात पिशवी घेऊन बीगलची शी स्वतः उचलते, हे तुम्ही इतक्या कौतुकाने लिहिलंय. तिने उचलली तर स्वावलंबन आणि मी उचलली तर माझी कीव? आणि तुम्हीच दोन ओळींनंतर लिहिता की ऑफिसच्या दिवशी ती बीगलला डे-केअरला सोडते. तिथे दिवसभर त्याच्या मागे कोण असतं, काका? तिथेही कुणीतरी मुलगी असेलच की. तिला जाऊन सांगता का, वाईट वाटलं म्हणून?

"पाश्चात्त्यांची थेरं" यावर फार बोलत नाही. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री आहेत, ती काही लंडनहून आलेली नाहीत. आणि आपली मुंबई कुत्र्यांच्या बाबतीत जुनं खोड आहे. १८३२ साली कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारायची मोहीम चालवली तेव्हा फोर्टातल्या पारशांनी बाजार बंद पाडला होता, दंगा झाला होता. मी वाढले तिथून बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे प्राण्यांचा दवाखाना, चालत जाण्याइतकं, बाई साकरबाई पेटिट यांच्या नावाचं. लहानपणी भिंतीपलीकडून घोड्याचं खिंकाळणं ऐकू यायचं. तिथल्या आवारातलं पशुवैद्यक महाविद्यालय १८८६चं. तर थेरं असलीच तर जुनी आणि स्थानिक आहेत. हां, भर मे महिन्यात मुंबईत हस्की पाळणं हे थेर आहे, तिथे मी तुमच्या बाजूने. आमच्या बिल्डिंगमध्ये एक आहे, बिचारा दिवसभर संगमरवरावर पोट टेकून असतो. पण ते तुम्ही लिहिलं नव्हतं.

बाकीचे मुद्दे नेहमीचेच आहेत, भराभर उरकते. करार लेखी नाही, शब्दावर चाललंय, आणि शब्द आजवर पाळला गेलाय. पीएफचा कायदा वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला लागतो, आमच्या घरात आम्ही कामाला सातजण, तेव्हा तो विषय मिटला. २००८चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा मलाही ठाऊक आहे, नोंदणीचा फॉर्म आणून ठेवलाय, भरायचाय. रजा मागितली की मिळते. गणपतीला दीड दिवस मिळाली. दिवाळीत मिळत नाही, पण त्याला फटाके कारण आहेत, मॅडम नाहीत. लक्ष्मीपूजनाच्या रात्री मोमोला बाथरूममध्ये गादीवर घेऊन बसावं लागतं, बाहेरचा आवाज दबावा म्हणून एक्झॉस्ट पंखा चालू ठेवून. तो माझ्याशिवाय कुणाजवळ थांबत नाही. मी परळला जाऊन आकाशकंदील लावू आणि तो इथे थरथरत बसू दे, असं म्हणायचंय का तुम्हाला?

चिकनचं म्हणाल तर ते डॉक्टरांनी ठरवून दिलेलं पथ्य आहे. स्वयंपाकीणबाईंच्या मुलांबद्दल तुम्हाला इतकी कळकळ आहे हे वाचून बरं वाटलं. त्यांना मी तुमची प्रतिक्रिया वाचून दाखवली. त्या काही बोलल्या नाहीत, कुकर लावायचा होता.

लिफ्टचं राहिलं. मागच्या पोस्टमधलं माझंच वाक्य तुम्ही मला ऐकवलंत: मॅडमबरोबर असला की ऑस्कर पुढच्या लिफ्टने जातो आणि माझ्याबरोबर असला की सर्व्हिस लिफ्टने. "यातच सगळं आलं," असं तुम्ही लिहिलंत आणि पुढे तीन टिंबं दिलीत. काका, ते मी गंमत म्हणून लिहिलं होतं. वाचणाऱ्या पन्नास जणांना हसू आलं, तुम्हाला टिंबं सुचली. सोसायटीचा नियम आहे, मी केलेला नाही, आणि सर्व्हिस लिफ्ट मोठी असते, दोन कुत्र्यांना बरी पडते. यापलीकडे मला त्यावर काही बोलायचं नाही.

शीर्षकात 'लेकरं' लिहिलं यावर आणखी दोघांनी टोमणे मारलेत. त्यांना वेगळं उत्तर देणार नाही. मी त्यांना लेकरं म्हणते ते तुमच्या परवानगीने सुरू केलं नव्हतं.

तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकणार नाही. राहू दे, लोकांनी दोन्ही वाचावं. फक्त पुढच्या वेळी खऱ्या नावाने लिहा. मी माझ्या नावाने आणि फोटोसकट लिहिते, तुम्ही 'हितचिंतक' होऊन बोलता, हे बरोबरीचं नाही.

आणि पगार. तुमचं पेन्शन किती आहे ते आधी इथे खाली लिहा, मग मी माझा आकडा सांगते.