स्वतंत्र सिक्कीमच्या काल्पनिक देशपरिचयाला उत्तर

नाशिकच्या अनेक व्हॉट्सॲप गटांवर, विशेषतः सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या आणि गंगटोक-दार्जिलिंगची सहल करून आलेल्यांच्या गटांवर, सध्या एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. 1975 मध्ये भारताने सिक्कीम गिळंकृत केले नसते तर तो देश आज कसा असता, याचा तो काल्पनिक परिचय आहे. राष्ट्रप्रमुख चोग्याल (सिक्कीमचा राजा), सैन्य नाही, धोरण तटस्थ, वीज विकून संपन्न झालेली सुखी प्रजा, संपूर्ण सेंद्रिय शेती, आणि शेवटी ‘आशियाचे स्वित्झर्लंड आपण संपवले’ असा निष्कर्ष. ‘असे झाले नसते तर’ हा प्रश्न इतिहासाला विचारणे मला मुळीच गैर वाटत नाही. पण तो विचारताना एक घटना बदलायची असते आणि बाकीची परिस्थिती होती तशीच धरावी लागते. या मजकुराने परिस्थितीच बदलून टाकली आहे, आणि अधिक गंभीर बाब म्हणजे सिक्कीममध्ये राहणारी बहुसंख्य माणसे त्यातून वगळली आहेत.

सिक्कीम 1975 पर्यंत पूर्ण सार्वभौम देश होता, हा मजकुराचा पाया आहे आणि तो पायाच कच्चा आहे. 1890 च्या करारात ब्रिटन आणि चीन यांनी सिक्कीमवरचे ब्रिटिश संरक्षण मान्य केले आणि अंतर्गत कारभारासह परराष्ट्र संबंधांवर ब्रिटिशांचे नियंत्रण राहील असे ठरवले. स्वतंत्र भारताशी 5 डिसेंबर 1950 रोजी झालेल्या तहानेही सिक्कीम संरक्षित राज्यच राहिले. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण दिल्लीकडे होते. आपल्या जिल्ह्यातले सुरगाणा संस्थान 1948 मध्ये विलीन झाले, तसे सिक्कीमचे झाले नाही, हे खरे आहे. संविधान सभेने जानेवारी 1947 मध्येच भूतान आणि सिक्कीम यांच्याशी स्वतंत्र बोलणी करण्याचा ठराव केला होता. परंतु त्यानंतर या दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. भूतानने 1949 चा तह केला आणि 1971 मध्ये तो संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला; सिक्कीमला तिथे जागा कधीच नव्हती. त्यामुळे 1975 ची घटना पुसली तर हाती स्वित्झर्लंड लागत नाही, 1950 चा तह लागतो.

प्रजा राजाच्या छत्राखाली सुखी होती आणि असंतोष बाहेरून पेरला गेला, हा दुसरा दावा मला सर्वांत अन्यायकारक वाटतो, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो. सिक्कीममध्ये जमीनदार काझींची, म्हणजे तिथल्या सरंजामी घराण्यांची, सत्ता होती आणि वेठबिगारीला तिथे वेगवेगळी नावे होती. ‘कालोभारी’ म्हणजे डांबरी आवरणात गुंडाळलेली ओझी पाठीवर घेऊन तिबेटच्या वाटेने डोंगर चढणे. ‘कुरुवा’ म्हणजे असे ओझे येईपर्यंत वाटेवर ताटकळत थांबणे. शेतसाऱ्यातही भेद होता आणि नेपाळी भाषक शेतकऱ्याला भूतिया-लेपचा या मूळ समाजांतील शेतकऱ्यापेक्षा जास्त भरावे लागे. या व्यवस्थेविरुद्ध डिसेंबर 1947 मध्ये सिक्कीम स्टेट काँग्रेस स्थापन झाली. जमीनदारी रद्द करा, लोकांचे हंगामी सरकार आणा आणि सिक्कीम भारतात सामील करा, अशा तिच्या तीन मागण्या होत्या. विलीनीकरणाची मागणी सिक्कीमच्या राजकारणात 1975 च्या 27 वर्षे आधीपासून होती, ही एकच नोंद त्या मजकुरातला ‘बाहेरून पेरलेला असंतोष’ खोटा ठरवायला पुरेशी आहे. 1949 मध्ये ताशी त्शेरिंग यांच्या नेतृत्वाखाली लोकांचे मंत्रिमंडळ आले, ते 29 दिवसांत बरखास्त झाले, आणि ते बरखास्त करण्यात भारताच्या प्रतिनिधीचाच हात होता. म्हणजे दिल्ली सुरुवातीपासून राजाच्या विरोधात होती, हेही खरे नाही.

मतदानाची पद्धत पाहिली की प्रश्न आणखी स्पष्ट होतो. लोकसंख्येत नेपाळी भाषक सुमारे तीन चतुर्थांश होते. तरीही 1953 च्या राज्य परिषदेत भूतिया-लेपचांसाठी सहा जागा, नेपाळींसाठी सहा जागा, आणि पाच सदस्य चोग्याल नेमणार, अशी 17 जणांची रचना होती. अल्पसंख्य मूळ समाजांना आपली भूमी आणि संस्कृती हातची जाईल अशी भीती वाटत होती. ती रास्त होती आणि तिला संरक्षण मिळायलाच हवे होते. परंतु राजाने नेमलेल्या पाच सदस्यांमुळे पारडे कायम राजवाड्याच्या बाजूला झुकत असे. 1973 च्या निवडणुकीत गैरप्रकार झाल्याचा आरोप झाला, एप्रिलमध्ये आंदोलन पेटले आणि 8 मे 1973 च्या करारात चोग्यालांना ‘एक व्यक्ती, एक मत’ हे तत्त्व मान्य करावे लागले. पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत काझी ल्हेंडुप दोर्जी यांच्या सिक्कीम काँग्रेसने 32 पैकी 31 जागा जिंकल्या.

आता हीच स्थिती पुढे पन्नास वर्षे चालली असती तर काय झाले असते, याचा अंदाज बांधायला शेजारचे खरे उदाहरण आहे. भूतानमधील सुमारे एक लाख नेपाळी भाषकांना 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला देश सोडावा लागला; ते पूर्व नेपाळच्या निर्वासित छावण्यांमध्ये वर्षानुवर्षे राहिले आणि त्यातील बहुतेकांचे पुढे अमेरिकेसारख्या देशांत पुनर्वसन झाले. तिथे तो समाज अल्पसंख्य होता, सिक्कीममध्ये तो बहुसंख्य होता. ‘सुखी प्रजा’ हे शब्द लिहिताना या माणसांचे काय झाले असते, हा प्रश्न मजकूर लिहिणाऱ्याला पडायला हवा होता.

विलीनीकरणासाठी घेतलेल्या सार्वमताबद्दलची टीका मात्र मी फेटाळणार नाही. 9 एप्रिल 1975 रोजी भारतीय सैन्याने राजवाड्याच्या रक्षकांना निःशस्त्र केले आणि 14 एप्रिलला मतदान झाले. बाजूने 59,637 आणि विरोधात 1,496 मते पडली. पाच दिवसांत उरकलेले मतदान, राजा राजवाड्यात नजरकैदेत, आणि राजपद रद्द करणे व भारताचा घटक होणे हे दोन वेगळे प्रश्न एकाच मतात बांधलेले, ही पद्धत लोकशाहीला शोभणारी नव्हती. पंतप्रधान झाल्यावर मोरारजी देसाई यांनी या विलीनीकरणाबद्दल जाहीर नापसंती व्यक्त केली होती. पण पद्धत सदोष होती म्हणून लोकांची इच्छा उलट होती, असे ठरत नाही. 1974 ची निवडणूक त्याविरुद्ध साक्ष देते.

स्वित्झर्लंडच्या तुलनेबद्दल. त्या देशाची तटस्थता 1815 मध्ये युरोपातील बड्या सत्तांनी मान्य केली, आणि ती टिकवायला तिथे आजही पुरुषांना सक्तीची लष्करी सेवा आहे. सिक्कीमचे क्षेत्रफळ 7,096 चौरस किलोमीटर, म्हणजे नाशिक जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. एका अंगाला चीनच्या ताब्यातील तिबेटचे चुंबी खोरे, खाली ईशान्य भारताला उरलेल्या देशाशी जोडणारी सिलिगुडीची चिंचोळी पट्टी, आणि नथू ला व चो ला या खिंडींत 1967 मध्ये भारत-चीन सैन्यांत झालेल्या रक्तरंजित चकमकी. अशा जागी तटस्थ राहण्यासाठी दोन्ही शेजाऱ्यांची संमती लागते, आणि ती मिळण्याची चिन्हे त्या काळात कुठेच दिसत नाहीत.

विजेच्या उत्पन्नाचेही तसेच. तिस्ता नदीवरची वीज घेणारा एकमेव मोठा ग्राहक भारतच असता. त्यातच 1,200 मेगावॉटच्या प्रकल्पाचे चुंगथांगचे धरण ऑक्टोबर 2023 मध्ये हिमनदीचा तलाव फुटून वाहून गेले. इतक्या नाजूक डोंगरावर एका देशाचे सारे अंदाजपत्रक उभे करणे किती धोक्याचे, हे त्या एका रात्रीत दिसले. आयातीचे अवलंबित्व तर नाशिककरांना वेगळे समजावून सांगायला नको. डिसेंबर 2023 मध्ये कांदा निर्यातबंदी झाली तेव्हा लासलगाव आणि चांदवडला भाव कोसळले, आणि त्याच काळात भूतानला काही शे टन कांदा मिळावा म्हणून दिल्लीतून खास परवानगी निघावी लागली. समुद्र नसलेल्या स्वतंत्र सिक्कीमचे स्वयंपाकघरही अशाच अधिसूचनांकडे डोळे लावून बसले असते.

सेंद्रिय शेतीचे श्रेय तर थेट उलटे दिले आहे. तो निर्णय 2003 मध्ये सिक्कीमच्या निवडून आलेल्या विधानसभेने घेतला आणि 2016 मध्ये सिक्कीम देशातील पहिले संपूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून जाहीर झाले.

सिक्कीमवर अन्याय झाला असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी संविधानाच्या अनुच्छेद 371एफ (सिक्कीमसाठीच्या विशेष तरतुदी) मधील आश्वासनांचा हिशेब मागावा. जमिनीच्या जुन्या कायद्यांना आणि भूतिया-लेपचांच्या 12 राखीव जागांना त्याने संरक्षण दिले आहे. दुसरीकडे, लिंबू आणि तमांग समाजांना 2003 पासून अनुसूचित जमातीचा दर्जा असूनही विधानसभेत राखीव जागा मिळालेल्या नाहीत, आणि त्यांची मागणी दिल्लीच्या दारात अजून पडून आहे.